वारुळातली शेती आणि जव्हारची अळंबी

गेल्या पावसाळ्यात होस्टेलमधल्या आम्ही सहाजणी दाभोसा धबधबा बघायला जव्हारला गेलो होतो. धबधब्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेच आहेत, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायचंय ते परतीच्या वाटेवर घडलेल्या एका छोट्याशा गोष्टीबद्दल.

रस्त्याच्या कडेला एक मावशी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात सागाची पानं आणि प्रत्येक पानावर पांढऱ्या-करड्या छत्र्यांचा एकेक वाटा. अळंबी! आमच्यातल्या दोघीतिघींनी लगेच भाव करायला सुरुवात केली (वीस रुपये कमी करून मिळाले की धबधब्यापेक्षा जास्त आनंद होतो, हे तुम्हाला माहीत आहेच). मी आपलं सहज विचारलं, "मावशी, ही कुठे लावता तुम्ही?"

मावशी हसल्याच. "लावत नाही गं बाय. ही वारुळावर येते. उधईची असते ती. आम्ही फक्त काढतो."

उधईची अळंबी? मला 'वारूळ' म्हणजे 'अँटहिल' एवढंच ठाऊक. कॉन्व्हेंटच्या पुस्तकात मुंग्यांच्या रांगेशेजारी तसं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, मुंग्यांचं घर. मग मुंग्यांचा, उधईचा आणि मश्रूमचा संबंध काय? होस्टेलवर आल्यावर लायब्ररीत आणि नेटवर शोधायला लागले. सबमिशन बाजूला राहिलं आणि आठवडाभर मी वाळवीच वाचत बसले! मावशींनी एका वाक्यात जे सांगितलं, ते पूर्ण समजायला जगातल्या प्रयोगशाळांना जीनोम वाचावे लागले. तेच तुम्हाला सांगायचा हा प्रयत्न.

वारूळ कोणाचं?

आधी माझी चूक दुरुस्त करते. वारूळ मुंग्यांचं नसतं, ते बांधते वाळवी, म्हणजेच उधई. इंग्रजीत तिला 'व्हाइट अँट' म्हणायची पद्धत आहे, पण ती मुंगी नाहीच. २००७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या शास्त्रज्ञांनी डीएनएची तुलना करून दाखवून दिलं की वाळवी ही झुरळांच्याच घराण्यातली आहे. म्हणजे आपल्या मेसच्या सिंकखाली राहणारे महाशय हे वाळवीचे चुलत भाऊ! मुंग्या मात्र गांधीलमाशीच्या बाजूच्या.

आणि वारूळ नागाचंही नाही. नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो, पण नाग काही माती उकरून घर बांधत नाही. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच केलेली नाही.

आता वाळवीचा खरा प्रॉब्लेम बघा. ती खाते लाकूड, वाळलेली पानं, काडीकचरा. यात असतं सेल्युलोज आणि लिग्निन. दोन्ही पचवायला महाकठीण. बहुतेक प्राण्यांकडे त्यासाठी लागणारी एन्झाइम्स नसतात. वाळवीच्या जुन्या जाती हे काम पोटातल्या एकपेशीय जीवांकडून करून घेतात. पण आपल्याकडे मातीची वारुळं बांधणाऱ्या ओडोन्टोटर्मिस वगैरे वाळवीने वेगळाच मार्ग काढला. तिने पचवायचं काम पोटाबाहेर, एका बुरशीवर सोपवलं. या बुरशीचं नाव टर्मिटोमायसीस. मावशींच्या पानावरची अळंबी म्हणजे हिचीच फळं.

असं दोन वेगवेगळ्या जीवांनी एकमेकांच्या आधाराने जगणं म्हणजे सहजीवन. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे बुरशी आणि शेवाळ यांचं सहजीवनच आहे. आपल्या प्रत्येक पेशीतलं मायटोकाँड्रिया हेसुद्धा एके काळी स्वतंत्र जिवाणू होतं आणि नंतर आत राहायला आलं, हे आता सर्वमान्य आहे. थोडक्यात, आपण सगळे पेइंग गेस्ट ठेवूनच जगतो.

जमिनीखालचं शेत

वारुळाच्या आत, जमिनीखाली, छोट्या छोट्या खोल्या असतात. प्रत्येक खोलीत स्पंजसारखा, भोकाभोकांचा एक गोळा असतो. त्याला बुरशीचा पोळा म्हणू या. कामकरी वाळवी बाहेरून काडीकचरा आणते. तरुण कामकरी तो खातात, त्याबरोबर बुरशीचे बीजाणूही खातात. हे मिश्रण पोटातून जेमतेम अर्धंकच्चं बाहेर येतं आणि पोळ्याच्या वरच्या थरावर लिंपलं जातं. म्हणजे पेरणी आणि खत एकाच वेळी! (जेवताना वाचत असाल तर सॉरी.)

काही दिवसांत त्या थरात बुरशीचे तंतू पसरतात आणि साबुदाण्यासारखे पांढरे दाणे धरतात. ते दाणे तरुण कामकरी खातात आणि त्यातले बीजाणू पुन्हा नव्या थरात पेरले जातात. जो थर जुना झाला, ज्यातलं कठीण लाकूड बुरशीने मऊ करून टाकलं, तो वयस्कर कामकरी खालच्या बाजूने खातात. वरून पेरणी, खालून कापणी. कन्व्हेयर बेल्टच म्हणा ना. शिवाय वारुळाच्या आतलं तापमान आणि ओलावा बाहेरच्यापेक्षा बराच स्थिर राहतो, कारण पिकाला ते लागतं.

या बुरशीच्या बागांची नोंद पहिल्यांदा झाली ती आपल्याच देशात. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग याने १७७९ साली तंजावर भागातल्या वाळवीवर लिहिलं, त्यात हा उल्लेख आहे. तेव्हा तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं! बुरशीला टर्मिटोमायसीस हे नाव मात्र खूप नंतर, १९४२ साली, फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे आइम यांनी दिलं.

पण ही शेती सुरू कधी झाली? कोणी सुरू केली? एकदाच की अनेकदा? वारूळ फोडून हे कळत नाही. त्यासाठी जीनोम वाचावा लागतो.

झेरॉक्सचं शास्त्र

जीनोम म्हणजे एखाद्या जीवाचा संपूर्ण डीएनए. ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेलं एक भलंमोठं पुस्तक. माणसाच्या पुस्तकात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. ते पहिल्यांदा वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं आणि जवळजवळ ३०० कोटी डॉलर लागले. आज तेच काम हजार डॉलरच्या आत होतं. त्यामुळे आता माणूस सोडून वाळवीकडे, बुरशीकडे, जिवाणूंकडे बघायला शास्त्रज्ञांना पैसे पुरतात.

पण नुसती अक्षरं वाचून इतिहास कसा कळतो? इथे होस्टेलचं उदाहरण सगळ्यात बरं.

समजा, असाइनमेंट एकीनेच सोडवली आहे. बाकीच्यांनी कॉपी केली आहे. पहिलीने लिहिताना ७ च्या जागी १ लिहिला. तिच्यावरून उतरवून घेणाऱ्या सगळ्यांकडे १ आला. त्यातल्या एकीने पुढे एक वजा चिन्ह गाळलं. आता तिच्यावरून लिहिणाऱ्यांकडे १ पण आहे आणि वजा चिन्ह पण गायब. सरांनी तीस वह्या घेऊन फक्त चुका जुळवल्या, तरी कोणी कोणाची कॉपी केली याची वंशावळ त्यांना काढता येईल. (सर, ही फक्त कल्पना आहे हं!)

डीएनएचं अगदी असंच. पिढ्यानपिढ्या नक्कल होताना अधूनमधून एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या वंशात उतरतो. दोन जातींत फरक कमी, तर त्या अलीकडे वेगळ्या झाल्या. फरक जास्त, तर फार पूर्वी. आणि ज्याचं वय माहीत आहे असा एखादा जीवाश्म हाताशी असला, तर या घड्याळावर वर्षंही टाकता येतात.

बॅक्टेरिया ओळखायलाही हीच युक्ती वापरतात. सगळ्या जिवाणूंमध्ये '१६ एस' नावाचं एक जनुक असतं. मातीचा किंवा किड्याच्या पोटातला नमुना घेऊन तेवढं एकच जनुक वाचलं, तरी आत कोणकोण राहतंय याची हजेरी लागते. जिवाणू बशीत वाढवायचीसुद्धा गरज नाही. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने डासांच्या पोटातल्या जिवाणूंपासून माणसाच्या आतड्यापर्यंत केलं आहे.

दोन वंशावळी शेजारी शेजारी

आता मुख्य गोष्ट. २००२ साली दुर आनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेती करणाऱ्या वाळवीच्या अनेक जाती घेतल्या आणि प्रत्येकीच्या वारुळातली बुरशीही घेतली. दोन्हींच्या डीएनएवरून दोन वंशावळी काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. तीन गोष्टी दिसल्या.

पहिली. ही शेती एकदाच सुरू झाली. आज शेती करणाऱ्या वाळवीच्या सुमारे ३३० जाती आहेत, पण त्या सगळ्यांचा पूर्वज एकच. सुरुवात झाली आफ्रिकेत, अंदाजे ३ कोटी वर्षांपूर्वी. तिथून या वाळवी एकदा नाही, अनेक वेळा आशियात आल्या. पुढे २०१६ साली टांझानियात अडीच कोटी वर्षांपूर्वीचे दगड झालेले बुरशीचे पोळेच सापडले आणि डीएनएच्या घड्याळाला साक्षीदार मिळाला. माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. म्हणजे आपण अजून फर्स्ट इयरलाच आहोत.

दुसरी. एकदा भागीदारी झाल्यावर कोणी परत फिरलं नाही. या घराण्यातल्या एकाही वाळवीने शेती सोडलेली नाही आणि ही बुरशीही वाळवी सोडून पुन्हा जंगलात स्वतंत्र राहायला गेलेली नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. समजा प्रत्येक वाळवीने आपल्या आईबापांकडूनच बुरशी घेतली असती, तर दोन्ही वंशावळी तंतोतंत जुळायला हव्या होत्या. ढोबळमानाने त्या जुळतात. पण जवळून पाहिलं की जुळत नाहीत. एका जातीची बुरशी दुसऱ्या जातीकडे गेलेली दिसते. याचा अर्थ बहुतेक जातींत नवीन वारूळ आपली बुरशी माहेराहून आणत नाही, ती बाहेरून मिळवते. पानं कापणाऱ्या अमेरिकेतल्या मुंग्यांची राणी निघताना तोंडात बुरशीचा तुकडा घेऊन निघते, रुखवतासारखा. वाळवीत असं रुखवत नेणारे अपवाद अगदी थोडे. मायक्रोटर्मिस या गटात राणी नेते आणि मॅक्रोटर्मिस बेलिकोसस या आफ्रिकेतल्या जातीत राजा नेतो. बाकीच्या बहुतेक जणी रिकाम्या हातानेच संसाराला लागतात.

मग बुरशी येते कुठून? थांबा, सांगते. त्याआधी या बुरशीच्या माहेराबद्दल थोडं.

२०२१ साली नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात आनेन यांच्याच गटात एका पीएच.डी. करणाऱ्या मुलाच्या पुढाकाराने एक शोधनिबंध निघाला. विचार करा, आपल्यापेक्षा काही वर्षांनीच मोठा असेल! त्यात टर्मिटोमायसीसच्या जवळच्या, पण वाळवीशी संबंध नसलेल्या बुरश्यांची वंशावळ तपासली होती. निष्कर्ष असा की या बुरशीच्या पूर्वजांना आधीपासूनच किड्यांच्या विष्ठेवर वाढायची सवय होती आणि सहज पसरणारे बीजाणू धरायचीही. म्हणजे वाळवीने कुठलीतरी जंगली बुरशी धरून आणून शिकवली असं नाही. बुरशी आधीच निम्मी तयार होती. उत्क्रांतीत पुष्कळदा असंच होतं. शून्यातून नवीन काही बनत नाही, असलेल्या गोष्टीला नवं काम मिळतं.

कामाची वाटणी

आता अगदी इंजिनिअरिंगचा प्रश्न. एवढं कठीण लाकूड पचवायचं, तर कुठलं काम कोण करतं?

२०१४ साली कोपनहेगन विद्यापीठातले मायकेल पौल्सेन आणि चीनमधल्या बीजीआय या संस्थेतले शास्त्रज्ञ यांनी मॅक्रोटर्मिस नाटालेन्सिस या दक्षिण आफ्रिकेतल्या वाळवीचा जीनोम वाचला. त्याबरोबर तिच्या बुरशीचा जीनोमही वाचला आणि पोटातल्या जिवाणूंचे जीनोमही. भागीदारीतल्या तिघांची पुस्तकं एकाच टेबलावर! मग कोणाकडे कोणती एन्झाइम्स बनवायची जनुकं आहेत, याची यादी केली.

यादी वाचताना एखाद्या फॅक्टरीचा ले-आउट वाचतोय असं वाटतं. वनस्पतीतल्या मोठ्या, गुंतागुंतीच्या साखळ्या तोडायची अवजारं मुख्यतः बुरशीकडे. तुटून उरलेले छोटे तुकडे शेवटी साखरेपर्यंत न्यायची अवजारं पोटातल्या जिवाणूंकडे. आणि कच्चा माल आणणं, तुकडे करणं, कालवणं, थर लावणं, साफसफाई, हे वाळवीकडे. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे. राणीच्या पोटात मात्र जिवाणूंची विविधता फारच कमी सापडली. तिला सगळं तयार भरवलं जातं, स्वतः पचवायचं कामच नाही. काम गेलं, कामगार गेले!

यावरून आणखी एक कोडं सुटायला मदत होते. बटण मश्रूम आणि धिंगरी आपण शेडमध्ये पिकवतो. टर्मिटोमायसीसचे तंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतात, पण तिची छत्री धरून व्यापारी शेती करणं अजून माणसाला जमलेलं नाही. तिचा अर्धा कारखाना वाळवीच्या पोटात आणि हातापायांत आहे. फक्त बुरशी उचलून आणली, तर सर्किटचा एकच भाग हातात येतो. जव्हारच्या रस्त्यावरची अळंबी 'लावत नाही, काढतो' असं मावशी म्हणाल्या, ते शब्दशः खरं आहे.

तण आणि राखण

एकच पीक सतत घेतलं की तण आणि रोग येणारच. वारुळात तण येतं ते स्यूडोझायलेरिया नावाच्या दुसऱ्या बुरशीचं. वाळवी हटली, वारूळ ओसाड पडलं, की काही दिवसांत पोळ्यावर हेच तण माजतं. म्हणजे ते आत कायम दबा धरून असतं, वाळवी त्याला वर येऊ देत नाही एवढंच.

हे कसं, याचा शोध आपल्याकडे चांगला चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रेने बोर्जेस यांच्या गटाने ओडोन्टोटर्मिस ओबेसस या आपल्याकडच्या वाळवीवर काम केलं आहे. त्यांनी २०१७ साली दाखवलं की पीक आणि तण समोर आल्यावर वाळवी वासावरून फरक ओळखते आणि तणाला माती टाकून गाडते. मोहालीच्या आयसरमधल्या संशोधकांना याच वाळवीच्या वारुळात स्यूडोमोनास गटातला एक जिवाणू मिळाला. तो तणाची वाढ रोखतो, पण पिकाला धक्का लावत नाही. म्हणजे भागीदारीत एक राखणदारही आहे.

पिकाबद्दलही एक गंमत आहे. २००९ साली आनेन यांच्या गटाने दाखवलं की एका वारुळात बुरशीचा एकच वाण असतो. सुरुवातीला दोनचार वाण आले, तरी ज्याचे दाणे जास्त तो जास्त खाल्ला जातो, म्हणून तोच जास्त पेरला जातो आणि बाकीचे हळूहळू बाद होतात. सगळे तंतू एकाच रक्ताचे झाल्यावर आपसात भांडत नाहीत, एकमेकांना जोडले जातात आणि पीक जास्त येतं.

ट्यूबलाइटवरची पाखरं

आता तो राहिलेला प्रश्न. नवीन वारुळाला बुरशी मिळते कुठून?

जूनचा पहिला जोराचा पाऊस आठवा. रात्री स्टडी रूमच्या ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा येतो, सकाळी कॉरिडॉरभर पंख पडलेले असतात आणि झाडूवाल्या मावशी आपल्याला शिव्या घालतात. ते किडे म्हणजे वाळवीचे राजकुमार आणि राजकन्या! वर्षातून एकदा, पावसाचा अंदाज घेऊन, ते वारुळाबाहेर उडतात. जोडी जमली की पंख गाळून टाकतात, जमिनीत एक छोटी खोली करतात आणि स्वतःला आत कोंडून घेतात. जवळ बुरशी नाही. अंगातल्या साठ्यावर पहिली थोडी पिल्लं वाढवतात. काही आठवड्यांनी पहिले कामकरी तयार होतात आणि चारा आणायला प्रथमच बाहेर पडतात.

बरोबर याच सुमाराला जुन्या वारुळांतली बुरशी आपली छत्री वर पाठवते. पोळ्यापासून निघालेलं लांब मुळासारखं देठ, टोकाला अणकुचीदार डोकं, ते माती भेदून वर येतं आणि उघडतं. एका छत्रीतून कोट्यवधी बीजाणू उडतात, पाल्यापाचोळ्यावर पडतात. नव्या वारुळाचे पहिले कामकरी तोच पाचोळा घरी नेतात. झाली पेरणी!

म्हणजे ट्यूबलाइटवरची जूनमधली पाखरं आणि त्यानंतर सागाच्या पानावर आलेली अळंबी हे एकाच गोष्टीचे दोन अंक आहेत. आणि आपण जिला मश्रूम म्हणून भाजीत टाकतो, ते खरं तर पुढच्या पिढीच्या वारुळांचं बियाणं आहे.

आपला काय संबंध?

इथपर्यंत वाचून मला एकदम मावशींशी केलेली घासाघीस आठवली. आमच्यातल्या एकीने तर "उघडलेली नको, कळ्या कळ्या द्या" असंही सांगितलं होतं. शहरात सगळ्यांनाच न उघडलेली, कोवळी अळंबी हवी असते. पण न उघडलेली छत्री म्हणजे न उडालेले बीजाणू. गोव्यात याच अळंबीला रोयणीची अळमी म्हणतात (रोयण म्हणजे वारूळ) आणि पावसाळ्यात तिला सोन्यासारखा भाव येतो. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी या बुरशीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे आणि बेसुमार काढणीबद्दल वारंवार लिहिलं आहे.

जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न फक्त निसर्गप्रेमाचा नाही. नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी ही इथली पिकं हाताशी येतात पावसाळा संपताना. पावसाच्या मधल्या महिन्यांत शेतात काम भरपूर आणि घरातलं धान्य संपत आलेलं. वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने झालेले बालमृत्यू आजही महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच महिन्यांत रान शेवळं देतं, टाकळा देतं, कुरडू देतं आणि अळंबी देतं. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर बायांना कुठल्या वारुळावर कधी अळंबी येईल हे माहीत असतं. कुठली खायची आणि कुठली नाही हेही माहीत असतं. (हे दुसरं ज्ञान आपल्याकडे नाही. तेव्हा ट्रेकला गेल्यावर दिसली छत्री की उपटली, असं कृपया करू नका. विषारी अळंबी फार वाईट असते.) त्या अळंबीतून घरात चार घास येतात आणि विकून चार पैसेही.

या अळंबीला शेडमधला पर्याय नाही हे आपण वर पाहिलं. त्यामुळे बांधकामासाठी डोंगर सपाट करताना जेसीबीने वारूळ गेलं किंवा 'कीड' म्हणून त्यात औषध ओतलं, तर पोळा जातो, राणी जाते आणि त्या जागेची दरवर्षीची अळंबीही जाते. घरातल्या लाकडाला लागलेली वाळवी वेगळी आणि रानातलं वारूळ वेगळं. सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं कारण नाही.

मग आपण काय करायचं? मावशींना उपदेश करायला आपण जायचं नाही, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण विकत घेणारे आपण आहोत. पूर्ण उघडलेली अळंबी घ्यायला नाक मुरडायचं नाही. भाव पाडायचा नाही, कारण भाव पडला की तेवढेच पैसे मिळवायला जास्त अळंबी काढावी लागते. आणि वारुळावरच्या दोनचार छत्र्या मागे राहिल्या, तर त्या वाया गेल्या असं समजायचं नाही. त्या पुढच्या वर्षांसाठी पेरल्या गेल्या.

आपल्या कॅम्पसमध्ये वर्कशॉपच्या मागे, बोरीच्या झाडाखाली एक वारूळ आहे. आजवर मी तिथून हजारदा गेले असेन, कधी थांबले नव्हते. आता थांबते. या जूनमध्ये ट्यूबलाइटवर पाखरं आली की तारीख लिहून ठेवणार आहे आणि मग रोज जाऊन बघणार आहे, किती दिवसांनी माती फुटते ते. कोणाला यायचं असेल तर सांगा. फक्त एक अट आहे. वर आली, तरी तोडायची नाही.